चिपटं, मापटं आणि एक फसलेला केक

गेल्या महिन्यात एका शनिवारी आमच्या घरी एक वीट भाजली गेली. भाजणारा अर्थात मी. लेकीचा पाचवा वाढदिवस होता आणि या वेळी केक बाबानेच करायचा असा तिचा हट्ट होता. आता खराडीत राहणाऱ्या माणसाने घरी केक कशाला करायचा? सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडलं की पाच मिनिटांत बेकरी येते. पण पाच वर्षांच्या क्लायंटशी स्कोपवरून वाद घालता येत नाही, हे मुलंबाळं असलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

कृती साधी होती, बिनअंड्याच्या केकची. एक डबा कन्डेन्स्ड मिल्क, दोन कप मैदा, अर्धा कप लोणी, बेकिंग पावडर, सोडा, लागेल तसं दूध. ओट्यावर जो कप हाताला लागला तो मी घेतला. कुठल्याशा प्रोजेक्टच्या गो-लाइव्हला मिळालेला कॉफीचा मग होता तो. चाळीस मिनिटांनी ओव्हनमधून जे बाहेर आलं त्यावर मेणबत्त्या उभ्या राहिल्या, पण सुरी काही आत जाईना. लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, हा केक आहे की बिस्किट?" मग काय, चपला घातल्या आणि बेकरी गाठली.

ऑफिसात असं काही झालं की आम्ही आधी दुसऱ्या टीमवर ढकलतो आणि ते जमलं नाही तर मूळ कारण शोधतो. इथे दुसरी टीम नव्हती. रात्री सगळे झोपल्यावर मोजपात्र काढलं आणि मगात पाणी भरून मोजलं. ३३० मिली! पाककृतीतला कप असतो साधारण २४० मिलीचा. म्हणजे जिथे अडीचशे ग्रॅमच्या आसपास मैदा हवा होता तिथे मी साडेतीनशेच्या घरात घातला होता.

पण हे पूर्ण कारण नव्हे. मगाने मोजलेलं सगळंच सारख्या पटीत वाढलं असतं तर फक्त केक मोठा झाला असता. घोळ त्या डब्याने केला. कन्डेन्स्ड मिल्कचा डबा माझ्या मगाबरोबर मोठा होत नाही. तो चारशे ग्रॅमचा तो चारशेचाच. एकाच कृतीत काही गोष्टी "माझ्या भांड्याच्या मानाने" आणि काही गोष्टी "ठरलेल्या" अशा मिसळल्या होत्या. रिलेटिव्ह पाथ आणि अ‍ॅब्सोल्यूट पाथ एकाच स्क्रिप्टमध्ये मिसळले की काय होतं ते आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको. (१९९९ साली नासाचं मंगळाकडे निघालेलं एक यान असंच गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडांत आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटनमध्ये समजत होती. त्या मानाने माझा केक स्वस्तात गेला.)

मग झोप उडाली आणि मी कपाच्या मागे लागलो. तर मंडळी, जगात "एक कप" नावाची एक गोष्टच नाही. अमेरिकन कप २३६.६ मिलीचा. तिथल्याच पाकिटांवरच्या पोषणाच्या तक्त्यात तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा कप २५०. जपानचा २०० आणि राईस कुकरबरोबर येणारा इवलासा कप १८०, कारण तो त्यांच्या 'गो' नावाच्या जुन्या मापावरून आलाय. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिली, पण ऑस्ट्रेलियात २०. त्यातल्या त्यात टीस्पून गुणी, तो ५ मिलीवर टिकून आहे. आणि आपला "चमचा"? चहाचा, पोह्याचा, की डावेचा धाकटा भाऊ? ते ज्याचं त्याने ठरवायचं.

कपाला सपाट करण्याचं श्रेय बहुतेक वेळा बॉस्टनच्या फॅनी फार्मर या बाईंना दिलं जातं. त्यांचं पाककृतींचं पुस्तक १८९६ साली आलं. कप भरला की वरून सुरीची पाठ फिरवायची, सपाट झाला तोच एक कप, असा त्यांचा आग्रह होता. त्याआधी "अक्रोडाएवढं लोणी" वगैरे भाषा चालायची. सुरीची पाठ ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी आईला गावाकडे फोन केला. म्हटलं, "आई, तू चकलीच्या भाजणीला वाटीने सांगतेस ना, ती तुझी वाटी केवढी?"

"वाटी म्हणजे वाटी. आमटीची."

"अगं पण किती मिली?"

"ते मला नाही माहीत. सगळं एकाच वाटीनं घ्यायचं, झालं. तुझी आजी तर चिपट्यानं घ्यायची."

चिपटं! हा शब्द मी वीसेक वर्षांत ऐकला नव्हता. आमच्या माळ्यावर पत्र्याचं एक नळकांडं होतं, त्यात आम्ही गोट्या ठेवायचो. ते चिपटं. मग आईने फोनवरच कोष्टक म्हणून दाखवलं, आपण पाढे म्हणतो तसं. दोन निळवी म्हणजे एक कोळवं. दोन कोळवी म्हणजे एक चिपटं. दोन चिपटी एक मापटं. दोन मापटी एक शेर. दोन शेर एक अधोली (कुणी अडशिरी म्हणतात). दोन अधोल्या एक पायली. सोळा पायल्या एक मण. वीस मण एक खंडी. हा शेर धान्याच्या आकारमानाचा बरं का, तराजूतला शेर वेगळा. आणि गावोगावी यात फरकही असायचे.

मी ते लिहून घेतलं आणि बघतच राहिलो. दोन, दोन, दोन... पायलीत ६४ निळवी, म्हणजे दोनाचा सहावा घात. पायलीचे सोळा म्हणजे चौथा घात. एका मणात निळवी किती? ६४ गुणिले १६, बरोबर १०२४! आमच्या आज्यापणज्या माळ्यावर किलोबाइट बाळगून होत्या आणि आम्हाला वाटत होतं ही आमच्याच धंद्याची मिरास. (खंडीपाशी मात्र वीस येतात आणि गंमत बिघडते. प्रत्येक सिस्टीममध्ये एक तरी असा माणूस असतो.)

हे दुपटीचं गणित हौसेखातर आलेलं नाही. दुप्पट आणि निम्मं या दोन गोष्टी अक्षरशत्रू माणसालाही डोळ्यांनी तपासता येतात. चिपट्याने मापटं दोनदा ओतून भरलं की माप खरं. तराजू नको, वजनं नकोत. माप स्वतःच स्वतःची चाचणी घेतं. आणि अगदी कमी भांड्यांत काम होतं. सात मापांचा एक संच असला की निळव्याच्या कुठल्याही पटीत धान्य मोजता येतं. दहा-दहाच्या पद्धतीत हे जमायला एकेक माप अनेकदा भरावं लागतं, म्हणजे मोजणी चुकायची संधी जास्त. मोजताना पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं. लाभ, दोन, तीन अशी मोजणी चालायची. हेही आईनेच सांगितलं.

आपल्या भाषेत ही मापं अजून आहेत, फक्त भांडी गेलीत. पायलीचे पन्नास. पैशाला पासरी (पासरी म्हणजे पाच शेर). शेरास सव्वाशेर. नवी नवरी उंबऱ्यावर ओलांडते तेही मापच. आणि सगळ्यात मजेदार म्हणजे "उत्सुकता शिगेला पोचली". ही शीग कुठली? माप काठोकाठ भरल्यावर त्याच्या वर धान्याचा जो निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. त्याच्यावर आणखी एक दाणा टाकला की तो घरंगळतो. उत्सुकता तिथे पोचते म्हणजे आणखी वाढायला जागा उरत नाही.

इथवर सगळं गोड आहे. पण या शिगेतच सगळी मेख आहे. थोडं गणित करू. ढिगाचा उतार तीस अंश धरा. नळकांड्याचा व्यास आणि उंची सारखी असेल तर शिगेत सुमारे दहा टक्के धान्य जास्त बसतं. तेच माप बसकं केलं, व्यास उंचीच्या दुप्पट केला, तर सुमारे वीस टक्के. लक्षात घ्या, सपाट भरलं तर दोन्ही मापं अगदी सारखी. कोणी पाणी ओतून तपासलं तरी सारखी. फरक फक्त शीग लावली की पडतो. म्हणजे "एक पायली" या शब्दाला तेव्हाच अर्थ येतो जेव्हा सपाट की शिगेची, आणि कोणाच्या पायलीने, हे ठरलेलं असतं.

आजीच्या तोंडून आईने ऐकलेली गोष्ट अशी. पेरणीच्या दिवसांत घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून आणायचं आणि सुगीत दिढीने फेडायचं. एक पायली नेली तर दीड पायली परत. ही दिढी सगळ्यांना माहीत होती, तोंडावर ठरलेली होती. पण देताना सावकाराचा माणूस मापावरून हात फिरवायचा आणि घेताना शीग लावून घ्यायचा. माप तेच, त्याचंच. आजोबा काही बोलू शकत नव्हते, कारण पुढच्या ज्येष्ठात पुन्हा त्याच दारात जायचं होतं.

मी कॅल्क्युलेटर काढला. दीड गुणिले १.२ म्हणजे १.८. कागदावरचं पन्नास टक्के व्याज प्रत्यक्षात ऐंशी टक्के, तेही चार-पाच महिन्यांचं. आणि हे वरचे तीस टक्के कुठल्याही वहीत सापडणार नाहीत, कारण वहीत "पायली"च लिहिलंय.

हे आपल्याच गावात होतं असं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात (याचं हस्तलिखित म्हैसूरला सापडलं आणि शामशास्त्रींनी १९०९ साली छापलं) दुसऱ्या अधिकरणात वजनं-मापांचा अख्खा अध्याय आहे. तिथलं कोष्टक चारांचं. चार कुडुबांचा एक प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. म्हणजे द्रोणात ६४ कुडुब, आपल्या पायलीत ६४ निळवी! कोकणात-गोव्यात कुडव हा शब्द धान्याच्या मापाला अगदी आत्ताआत्तापर्यंत होता. माप कोरड्या टणक लाकडाचं असावं आणि त्याची शिखा मोजलेल्या धान्याच्या चौथ्या हिश्शाएवढी असावी, असंही त्यात आहे. आपली शीग या शिखेचीच लेक असणार असं मला वाटतं. आणि पुढे चक्क लिहिलंय की द्रोण चार प्रकारचे. राजाच्या उत्पन्नाचा द्रोण २०० पलांचा, लोकांच्या व्यवहाराचा १८७.५ पलांचा, नोकरचाकरांना द्यायचा १७५ आणि अंतःपुरासाठीचा १६२.५ पलांचा. राज्याने घेताना मोठ्या मापाने घ्यायचं, देताना लहान. चोरून नाही, नियम म्हणून.

युरोपातही हीच कथा. विटोल्ड कुला या पोलिश इतिहासकाराने १९७० साली मापं आणि माणसं या विषयावर पुस्तक लिहिलं. मापांचा इतिहास हा कोणाच्या हाती माप आहे याचा इतिहास आहे, हे त्यातून स्पष्ट दिसतं. १७८९ साली फ्रान्समधल्या गावागावांतून राजाकडे तक्रारी गेल्या, त्यांत जमीनदारांच्या फुगलेल्या मापांची तक्रार पुन्हा पुन्हा होती. त्या क्रांतीतून १७९५ साली मेट्रिक पद्धत आली. शाळेत आपल्याला मेट्रिक म्हणजे शास्त्रज्ञांची सोय असं शिकवतात. शेतकऱ्याच्या डोक्यावरून सावकाराचा हात काढून घेण्याची ती युक्ती होती हे कोणी सांगत नाही.

आपल्याकडे हे व्हायला वेळ लागला. मुंबई इलाख्याचा वजन-मापांचा कायदा १९३२ चा. १९३९ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात तोळा १८० ग्रेनचा, ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण असं वजनांपुरतं ठरलं. त्याआधी मण म्हणजे काय, तर मुंबईचा मण २८ पौंड, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आसपास, आणि बंगालचा सव्वासदतीस किलोच्या पुढे. एकाच शब्दात जवळजवळ तिपटीचा फरक! शेवटी १९५६ साली संसदेने मेट्रिकचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, ऑक्टोबर १९५८ पासून काही भागांत किलो-ग्रॅम आले आणि एप्रिल १९६२ पासून वजनांत त्यांचीच सक्ती झाली. कायद्याने शेराची किंमत ०.९३३१० किलो अशी पाच दशांश स्थळांपर्यंत लिहून ठेवली आणि त्याला निरोप दिला. तराजूवर सरकारी शिक्का आला. आता आपण हे इतकं गृहीत धरतो की चंदननगरला भाजी घेताना किलो म्हणजे केवढं असं कोणी विचारत नाही.

मग स्वयंपाकघरात वाटी-चमचा कसा टिकला? कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, म्हणजे किलो सक्तीचा होऊन आठ वर्षं झाल्यावर. तरी तिथे भाषा वाटी-चमच्याचीच, आणि त्या पुस्तकावर घरंच्या घरं स्वयंपाक शिकली. कारण आईने फोनवर दोन वाक्यांत सांगितलं होतं तेच. सगळं एकाच वाटीनं घ्यायचं. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ... यात वाटी केवढी हा प्रश्नच गैरलागू आहे, हे ४:२:१ असं प्रमाण आहे. घरात देणारा आणि घेणारा एकच असतो, तिथे मापात भांडण नसतं. माप ठरवून घ्यावं लागतं ते वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा, किंवा कृती एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि त्यात "एक डबा" नाहीतर "दोन अंडी" असा न ताणणारा घटक असतो तेव्हा.

तर माझ्यासारख्यांसाठी व्यवहारापुरतं एवढं. कृतीत सगळंच वाटीने असेल तर कुठलीही वाटी चालेल, फक्त मधेच बदलू नका. त्यात डबा, पाकीट, अंडी, किंवा टिनाचा आकार दिसला तर थांबा आणि ग्रॅममध्ये जा. २४० मिलीचा एक सपाट कप मैदा, हलक्या हाताने भरलेला, १२० ते १३० ग्रॅम; दाबून भरला तर दीडशेच्या पुढे जातो. तोच कप साखर २०० ग्रॅम. म्हणजे "कपाचे ग्रॅम किती" याला एक उत्तर नाही, कशाचा कप ते सांगावं लागतं. आणि जमल्यास चहाच्या डब्याशेजारी एक छोटा वजनकाटा ठेवा.

दोन आठवड्यांनी दुसरा केक केला, काट्यावर मोजून. सुरी आत गेली. लेकीने दहापैकी सात दिले. माझ्या अप्रेझलपेक्षा बरे आहेत.

दिवाळीच्या आधी आई खराडीला आली, येताना पिशवीतून चिपटं घेऊन आली. मी लगेच पाणी ओतून मोजलं, तीनशे मिलीला जरा कमी भरलं. लेकीला ते फारच आवडलं. परवा शेजारच्या काकू साखर मागायला आल्या. लेक पळत गेली, चिपटं डब्यात बुडवून शिगोशीग भरलं. मी आता शहाणा झालेलो, ड्रॉवरमधून सुरी काढली आणि तिची पाठ फिरवणार इतक्यात आईने माझा हात धरला.

"घ्यायचंय का द्यायचंय?"

"द्यायचंय."

"मग राहू दे वरचं. आपल्या घरी देताना हात नाही फिरवत."

अर्धी शीग काकूंच्या वाटीत गेली आणि अर्धी ओट्यावर सांडली. मी सुरी परत ठेवली आणि साखर पुसायला घेतली.